तिसऱ्या खोलीतला सीन

"साहेब, हात लावू नका मला." लाइटवाला दोन पावलं मागे सरकला. "वायर मी बघतो. तुम्ही फक्त उभे राहा."

सेटवर कुणी हसलं नाही. शूटिंग सुरू झालं तेव्हा सगळे हसले असते.

सिनेमा मनातलं ओळखणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा होता. परग्रहावरचं काहीतरी माणसांच्या डोक्यात शिरतं आणि हा अधिकारी कपाळावर हात ठेवून ते हुडकून काढतो. बजेट असं की परग्रहावरचा प्राणी जुन्या गाद्यांच्या फोमचा होता आणि अधिकाऱ्याचं यंत्र म्हणजे वायरी चिकटवलेली चाळणी. प्रेतंसुद्धा युनिटमधलीच व्हायची. ज्याचं काम संपलं त्याने रंगभूषेच्या मॅडमपुढे खुर्चीत बसायचं, गप्पा मारत निळं पडायचं आणि जाऊन आडवं व्हायचं.

अधिकाऱ्याच्या भूमिकेतला नट नवखाच होता; सेटवर सगळे त्याला साहेबच म्हणायचे. दिग्दर्शकाला त्याचा चेहरा आवडला होता, अभिनय तेवढा नाही.

जागा मात्र झकास मिळाली होती. मॅडमनीच सुचवलेलं, कित्येक वर्षं बंद असलेलं कोल्ड स्टोरेज. म्हातारा मालक हौशी होता. भाडं नको म्हणाला, फक्त एक सीन द्या. "मरायच्या आधी एकदा पडद्यावर दिसू दे की."

त्याची अट एकच होती. तिसऱ्या खोलीत कुणी जायचं नाही. छत पडायला आलंय म्हणे.

सगळं सुरू झालं ते चहाच्या सुट्टीत. नटाने सहज कॅमेरामनच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"वडील दवाखान्यात आहेत ना तुमचे? अबोला सोडा. जाऊन या."

कॅमेरामनने कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं? आपण दोघं अजून धड बोललोही नाही!"

"कुणी नाही. दिसलं."

मग लाइटवाल्याचं जमता जमता मोडलेलं लग्न दिसलं. ध्वनिमुद्रकाच्या एका कानाला कमी ऐकू येतं, हे दिसलं. तो तर रडायलाच लागला. नोकरी जाईल म्हणून त्याने ते लपवून ठेवलं होतं. लोक साहेबांच्या वाटेतून बाजूला व्हायला लागले. मॅडमनी एकदा गमतीने हात पुढे केला, "माझं सांगा की." त्याने तो धरला आणि सोडून दिला. "तुमचं काही दिसत नाही, मॅडम."

दिग्दर्शक मनातून खूश होता. नटाच्या डोळ्यांत आता जे उतरत होतं ते शिकवून येत नाही.

मालक मात्र चेष्टा करायचा. "अहो, असं काही नसतं. मला हात लावून दाखवा." पण नट जवळ आला की त्याला हटकून फोन यायचा.

शेवटी त्याच्या सीनचा दिवस आला. त्याने परग्रहावरच्या प्राण्याने झपाटलेल्या माणसाचं काम करायचं होतं. मॅडमनी सावकाश त्याचा चेहरा रंगवला. तो खुर्चीत बसून अखंड बोलत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"ॲक्शन!"

नटाने चाळणी घातली आणि मालकाच्या कपाळावर तळवा टेकवला. पुढचं वाक्य होतं, 'तू कुठल्या ग्रहावरून आलास?'

तो ते बोललाच नाही.

"थंडी वाजतेय तिला," तो हळूच म्हणाला. "ती दार ठोकतेय. बाहेरून कडी आहे."

दिग्दर्शकाने संहिता चाळली. असं काही लिहिलेलं नव्हतं. तो 'कट' म्हणणार, तेवढ्यात त्याला मालकाचा चेहरा दिसला. रंगाखालून घाम फुटत होता. म्हातारा कसला नट निघाला! दिग्दर्शकाने कॅमेरामनला खूण केली, चालू ठेव.

"कोण ती?" मालकाचा आवाज चिरकला. "हात काढा."

"तुम्हीच सांगा कोण. ती तुमच्याकडेच बघतेय. तिसऱ्या खोलीतून."

मालक मटकन खाली बसला. नटही त्याच्याबरोबर खाली बसला, पण कपाळावरचा हात त्याने काढला नाही.

"घाबरवायचं होतं फक्त," मालक म्हणाला. "खोकी भरायला होती आमच्याकडे. चार माणसांत मला उलट बोलली. म्हटलं, बस जरा आत. थोड्या वेळाने उघडणारच होतो. ओरडत होती, घरी दोन लेकरं वाट बघताहेत, सोडा म्हणून. मी वर जाऊन पडलो आणि डोळा लागला माझा. देवाशपथ, डोळाच लागला!"

"आणि सकाळी?"

"सकाळी काय उरलं होतं? फरशी मीच बसवली, माझ्या हाताने. लोकांना सांगितलं, कुणाचा तरी हात धरून पळून गेली. सगळ्यांना लगेच पटलं."

तेव्हा कुठे दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की हा अभिनय नाही. पण 'कट' त्याने म्हटलंच नाही. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले होते.

दुपारी खरे पोलीस आले. तिसऱ्या खोलीचं छत अगदी धडधाकट होतं. फरशी उखडली आणि अधिकारी बराच वेळ खाली बघत उभा राहिला. मग बाहेर येऊन त्याने नटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं," नट म्हणाला.

अधिकाऱ्याने वही मिटून खिशात घातली. हस्तांदोलन मात्र केलं नाही. युनिटमधले लोक भिंतीला चिकटून उभे होते; नट त्यांच्यामधून चालत गेला तेव्हा कुणी मान वर केली नाही.

रंगभूषेच्या खोलीत मॅडम एकट्याच होत्या. त्याने दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसला. त्यांनी त्याची खोटी मिशी काढायला घेतली. त्याने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "आई पळून गेली नव्हती गं."