पंपावरचा श्री

जेवताना टीव्हीवर दूरच्या युद्धाची बातमी लागली होती. पाडलेल्या ड्रोनच्या तुकड्यांत एक छोटा इंधनपंप दिसला आणि प्रभंजनचा घास हातातच राहिला. पंपावर ‘श्री’ कोरलेला होता.

त्याच्या कारखान्यातल्या प्रत्येक नगावर तो कोरायची वडिलांची पद्धत होती. ते ड्रोन सोडणाऱ्या देशाला असा माल विकायला बंदी होती. दुबईच्या व्यापाऱ्याने फवारणी यंत्रांसाठी म्हणून पंप नेले, आणि पुढे ते कुठे जातात हे प्रभंजनने विचारलं नाही.

“अगं बाई, आपला पंप!” आई हरखून फोन घेऊन टीव्हीजवळ गेली होती.

त्याने टीव्ही बंद केला. “आई, कुणाला सांगू नकोस. तुरुंगात जाईन मी.”

आईचा चेहरा उतरला. “अरे, मी फोटो ग्रुपवर टाकलासुद्धा.”

त्याच्या ताटाशेजारचा फोन वाजू लागला. अभिनंदनाचे मेसेज येत होते.