कोरडी डबी

"मला कफ द्या वाल्मिकभाई, मी नळी घालत नाही." डॉक्टरांचं सकाळपासून हेच एक पालुपद चाललं होतं.

कफ द्यायचा कुठून? झाकणाची प्लास्टिकची डबी कालपासून चंचलच्या उशाशी होती आणि ठणठणीत कोरडी होती. वाफारे देऊन झाले. आयाबाईने पोरीला पालथं घालून पाठ थोपटली, थोपटून थोपटून तिचेच हात भरून आले. चंचलने चादरीचं टोक दातांत धरलं, डोळ्यांत पाणी आणलं, एक आवंढा गिळला आणि मान हलवली. नाही येत म्हणे.

वाल्मिक आणि सुषमाची ही एकुलती एक लेक. नऊ वर्षांची, आजार मात्र जन्मापासूनचा. सिस्टिक फायब्रोसिस हे नाव सुषमाला अजून एका दमात घेता येत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की लेकीचा पापा घेतला की ओठ खारट होतात, आणि घामातलं तेच मीठ तपासून डॉक्टरांनी आजार ओळखला होता. छातीत चिकट कफ साचतो, त्यात जंतू घर करतात. या खेपेला कोणते जंतू बसलेत ते कळल्याशिवाय औषध लागू पडणार नव्हतं. दोन औषधं वाया गेली होती, ताप हटत नव्हता. कफ आपसूक बाहेर येत नसेल तर भूल देऊन छातीत नळी उतरवायची आणि आतूनच काढायचा. डॉक्टर त्याला ब्रॉन्कोस्कोपी म्हणत.

"आणि भूल झेपली नाही तर?" वाल्मिकने विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर टाळलं नाही, हे एक त्यांचं बरं. "फुप्फुसं थकलेली आहेत, भाई. शुद्धीवर येताना त्रास होऊ शकतो. नळी नाही घातली तरी धोका आहेच. मग अंदाजाने औषध देत बसायचं, दुसरं काय?"

वाल्मिक सुरतेत बमरोलीला कारखान्यात माग चालवायचा. तिथे धागा तुटला की कुठे तुटला ते दिसतं. इथे त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो पोरीकडे बघे, मग बायकोकडे बघे, आणि दोघींकडे बघवत नाही म्हणून खिडकीकडे बघे.

"बेन, एक गोष्ट मला समजत नाही," डॉक्टर सुषमाकडे वळले. "फोटोत छाती कफाने भरलेली दिसते. अशी मुलं दिवसरात्र खोकतात. ही खोकतच नाही. पहिल्यापासून अशीच?"

"छे हो. पहिले काय खोकायची! डिंडोलीला घरी शेजारची माणसं भिंतीवर थापा मारायची." सुषमाच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा थोडं तेज आलं. "प्लेगच्या साली आम्ही गावी पळालो ना, तिथून परत आलो आणि खोकला गेला. मी कानबाईला नवस बोलले होते."

ते पळणं तरी काय होतं. अर्धी सुरत स्टेशनावर लोटलेली, कोण कोणाचं नव्हतं. डब्यात एक म्हातारा खोकला, तर प्लेगचा म्हणून लोकांनी त्याला गाठोड्यासकट मधल्याच स्टेशनावर उतरवून दिलं. तो खाली उभा राहून हात जोडत राहिला आणि गाडी निघाली. सुषमाने चंचलचं तोंड पदराखाली घेतलं ते अमळनेर येईपर्यंत सोडलं नाही. पोर मोठी गुणाची. सगळ्या वाटेने तिने हूं की चूं केलं नाही.

परत आल्यावर सुषमाने कानबाईचे रोट केले, सगळ्या गल्लीला खाऊ घातले. नवसाबद्दल कोणी वेडंवाकडं बोललेलं तिला खपत नसे. दोन वर्षांत तिच्या पदरात पडलेली तेवढी एकच चांगली गोष्ट होती. तेव्हापासून पोरीला झोपेत गोधडीचं टोक चावायची खोड लागली होती, सकाळी ते ओलंचिंब असायचं. पण लहान पोरांना असतातच अशा खोडी.

डॉक्टरांनी नळीच्या परवानगीचा कागद पुढे केला. वाल्मिकने पेन घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"करू सही?" त्याने बायकोला विचारलं.

सुषमा आधी नको म्हणाली. मग करा म्हणाली. मग पुन्हा नको, नको म्हणाली आणि रडायला लागली. आपल्याला यातलं काहीच कळत नाही आणि तरी आपल्यालाच विचारतात, याचा तिला फार राग आला. तिने डबी उचलली, झाकण काढलं आणि लेकीच्या खाटेपाशी उकिडवी बसली. घरी बोलायची तसं अहिराणीतच बोलली.

"खोक ना व बेटा. एकडाव खोक. मी तुना पाया पडस."

चंचलने दातांतलं चादरीचं टोक सोडलं. तिने आईकडे पाहिलं. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसांकडे पाहिलं. मग उघड्या दाराकडे, बाहेर बाकांवर दाटीने बसलेल्या लोकांकडे. तिची छाती घरघरत होती. तिने आईचा पदर ओढून आपल्या तोंडावर घेतला आणि आतून हळूच विचारलं,

"माय, खोकलं ते लोके आपल्याले उतारी देतीन ना?"