हाकोनेचा घाट

ये, अशी जवळ सरकून बस. गोष्ट घाटातली आहे, आणि घाट आहे पार जपानातला.

हाकोनेचा घाट अर्धा चढून झाल्यावर जॉयसने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि किल्ली पप्पांच्या तळहातावर ठेवली.

"पप्पा, आय ॲम सिरियस. आता पुढे तुम्ही. मी नाही चालवणार."

पप्पा म्हणजे लुईस. मूळचे वसईचे, पण निम्मं आयुष्य टोरांटोजवळच्या मिसिसागात गेलेलं. माणूस गाड्यांचा वेडा. या घाटात एकदा स्वतःच्या हाताने गाडी चालवायची, हे त्यांचं देवाकडे जुनं मागणं. त्याच्या तयारीसाठी उजव्या स्टिअरिंगची जुनी जपानी गाडी त्यांनी बोटीने कॅनडात मागवली आणि घरच्या गराजमध्ये खोलून, जोडून चालती केली. २०१७च्या मे महिन्यात बापलेक शेवटी जपानात उतरले. गाडीही अगदी तशीच भाड्याने मिळाली. पण लुईस स्टिअरिंगला शिवले नाहीत. जॉयस रोज सकाळी किल्ली पुढे करायची आणि ते म्हणायचे, आज तू घे, मी उद्या. टोकियोत गर्दी फार होती. समुद्राकाठच्या रस्त्यावर पाठ धरली होती. आता दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं, आणि 'उद्या' काही शिल्लक राहिला नव्हता.

जॉयसला राग नव्हता आला, भीती वाटत होती. तिची आई, पॉलिन, गेल्यापासून पप्पा एकेक गोष्ट तिच्या हवाली करत चालले होते. मिसिसागातही ग्रोसरीला तीच गाडी काढायची, चर्चला तीच. गराजमधला वाघ तर अगदीच गाय झाला होता. लहानपणी ती गाडीपाशी टॉर्च धरून बसायची तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे. माझ्या तोंडावर कशाला टॉर्च मारतेस, बिघाड गाडीत आहे! अलीकडे टॉर्च कुठेही भरकटला तरी हूं नाही की चूं नाही. वसईच्या ख्रिस्ती कीर्तनातलं एखादं ध्रुपद गुणगुणत पाना फिरवत राहायचे. मग तिलाच गाडीखाली घालू लागले. डोळे मीट, म्हणायचे, नट बोटांनी ओळख. रविवारच्या मिस्सानंतर त्या जपानी गाडीत तिला बसवायचे, डाव्या हाताने गिअर टाकायला लावायचे, आणि स्वतः शेजारी मान खाली घालून नुसते ऐकायचे. जॉयस मनात म्हणायची, मम्मीबरोबर यांचा जीवच विझला. उरलंसुरलं स्वप्नही मला देऊन टाकलं, तर हे जगणार कशावर? म्हणून आज तिने हट्ट धरला होता.

लुईसने दार चाचपत उघडलं आणि ते दरीच्या बाजूला उतरले. जॉयस आपल्या बाजूने उतरली. आणि त्याच क्षणी ढग बाजूला झाले.

बाळा, काय सांगू तुला! गाडीच्या टपापलीकडे, दरीपलीकडे, फुजी पर्वत उभा होता. खांद्यापर्यंत बर्फ, आणि खाली नुसतं निळं. एवढं मोठं काहीतरी इतका वेळ जवळ होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, या विचाराने जॉयसच्या अंगावर काटा आला.

"पप्पा, बघा," ती कुजबुजली.

लुईसने टोपी काढली. दोन्ही हात जोडले. चर्चमध्ये कम्युनियन घेताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता, ओठ हलत होते, गालावरून पाणी वाहत होतं. आणि डोंगर त्यांच्या पाठीमागे होता.

जॉयसने डोंगराकडे पाहिलं, मग पप्पांकडे. गाडीला धरून धरून ती त्यांच्यापाशी आली. कधीपासून, एवढंच तिला विचारता आलं.

पॉलिन होती तेव्हापासून, ते म्हणाले. समोरचं सगळं धुकं झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आता वाढतच जाणार. तुला सांगितलं असतं तर तू गराजला कुलूप लावलं असतंस, म्हणून बोललो नाही, असंही म्हणाले, आणि स्वतःच थोडे हसले.

जॉयसला हसू आलं नाही. तिने त्यांचे खांदे धरले. निदान तोंड तरी डोंगराकडे व्हावं म्हणून ती त्यांना हळूच वळवू लागली. लुईस जागचे हलले नाहीत.

"फिरवू नकोस गं. डोंगर मागे आहे ते ठाऊक आहे मला. गार वारा पाठीलाच लागतोय."

"मग हात कोणाला जोडलेत?"

लुईसने तिचा हात शोधला आणि किल्ली त्यात ठेवली.

"खालपासून इथवर गिअर एकदाही रडला नाही. डोळे शाबूत होते तेव्हा मलाही असा घाट चढता आला नसता. जोडले ते चालवणारीला."

उरलेला घाट जॉयसने चढवला. शेजारी लुईस मान खाली घालून ऐकत होते.

रात्री प्रार्थनेला बसशील तेव्हा लुईसपप्पांची आठवण ठेव. त्यांना डोळे परत दे, असं मात्र मागू नकोस. ते त्यांनीही कधी मागितलं नाही. लेकीला रस्ता दिसत राहो, एवढंच म्हण.