आ करा

"फोन आपलं बोलणं ऐकतो म्हणे! बातम्या देणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत," दातांचे डॉक्टर म्हणाले. "अहो, आपल्या घरातली कटकट ऐकायला कोण रिकामटेकडा बसलाय? तुम्हाला काय वाटतं?"

खुर्चीतल्या पेशंटला फक्त "आं" म्हणता आलं. डॉक्टरांची सवयच होती, समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि स्वतःची दोन बोटं घालून झाली की मग मत विचारायचं.

"चूळ भरा. दाढ काढावीच लागणार."

हा आवाज कुठंतरी ऐकलाय, असं पेशंटला मघापासून वाटत होतं. पक्कड दिसली आणि कुठं ते आठवलं. त्याने घाईने हात आडवा घातला.

"डॉक्टर, डावीकडची हं! त्या शाळेतल्या बाईंसारखं नको. चांगली दाढ गेली बिचारीची."

डॉक्टरांचा हात थांबला. चुकीची दाढ निघाल्याचं खुद्द बाईंनाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ते फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघरात, दार लावून. ओट्यावर फोन तेवढा चार्जिंगला होता.

"नोकरी कसली करता हो तुम्ही?"

"कंपनीत... लोकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतो," पेशंट म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

डॉक्टरांनी नर्सला बाहेर पाठवलं. दाराला कडी घातली. भरलेलं बधिरतेचं इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं.

"आ करा," ते प्रेमाने म्हणाले. पक्कड आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकोणाला सांगितलंत?"