परवानगी नाही

लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली.

"परवानगी नाही म्हणते," अदिती म्हणाली.

प्रशिकनं कपाळावर हात मारला. "काय कटकट आहे यार! पासवर्डसारखी ती जुनी किल्ली, तिची मुदत संपली होती, नवी दिली, तरी तेच."

धरमपेठेतल्या घरी, सुमतीच्याच टेबलाशी दोघं बसले होते. तिच्या हाताखाली शिकलेली ही पोरं. कूलर घरघरत होता. सुमतीचा नवरा अनंत दाराशी उभा होता. सुमती फेब्रुवारीत गेली. त्याला यातलं फारसं कळत नव्हतं. एवढं मात्र ठाऊक होतं की, अंध मुलांच्या मोबाइलसाठी आकडे वाचून दाखवणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. मोबाइल १२५० हा आकडा 'एक, दोन, पाच, शून्य' असा वाचायचा. सुमती चिडायची. "माणूस असा बोलते काय?"

मग तिनं त्यावर दुरुस्ती लिहिली. लिहिलेलं तपासून सगळ्यांसाठी बाहेर टाकायचं काम एक यंत्रणा आपोआप करायची. ही पोरं त्या यंत्रणेला पाइपलाइन म्हणत. ती शेवटच्या पायरीवर अडली होती. सुमती दवाखान्यात होती तेव्हापासून. अंधशाळेतली मुलं अजून वाट पाहत होती.

दवाखान्यातही तिला तेच लागलं होतं. शेवटच्या दुपारी तिनं लॅपटॉप मागितला. अनंत रागावला. "आता तरी सोड ना वं ते." तिनं लॅपटॉप घेतला आणि त्याला मोसंबीचा रस आणायला खाली पाठवलं. तो वर आला तेव्हा तिला झोप लागली होती. लॅपटॉप उशाशी मिटून ठेवला होता. तिच्यानं झालं नाही, असं त्यानं धरलं. त्या झोपेतून ती उठली नाही. काम अर्धं टाकून जाणारी बाई नव्हती ती. तेच त्याला टोचत होतं.

"काका, आता एकच उपाय आहे," प्रशिक म्हणाला. "हे सोडून द्यायचं अन् नव्या नावानं टाकायचं. फक्त त्याच्यावर काकूचं नाव राहणार नाही."

"नाव काहून काढता?"

"हे काकूच्या नावावर आहे न. म्हणून आपल्याले घेऊन नाही राहिलं."

अनंत तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिला. पोरं त्या खुर्चीवर बसली नव्हती, स्टुलं ओढून बसली होती.

"पोरांचं अडलं असन तर काढा," तो शेवटी म्हणाला. "पण एक डाव नीट पाहून घे गा. तिचं नाव आहे ते."

लाल अक्षरं दिसली की दोघं पहिली ओळ वाचत आणि किल्लीच्या मागे लागत. बाकीचा मजकूर पडद्याच्या कडेबाहेर जात होता. अदितीनं तो सरकवला. वाचता वाचता ती थांबली.

"काका, ही आवृत्ती आधीच बाहेर गेली आहे. गेलेली आवृत्ती परत टाकायची परवानगी नाही, असं म्हणते हे."

"कोणी टाकली?"

तिनं नोंद उघडली. सुमतीचं नाव. तारीख दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारची. पाइपलाइन बाजूला ठेवून, स्वतःच्या हातानं टाकलेली.

"म्हणजे काम झालंच होतं, आपणच पाइपलाइनच्या हिरव्या दिव्याची वाट पाहून राहिलो होतो," प्रशिक पुटपुटला.

अदितीनं ती आवृत्ती आपल्या मोबाइलवर घेतली आणि आकडा लिहिला. मोबाइल म्हणाला, "बाराशे पन्नास."

अनंत जाऊन सुमतीच्या खुर्चीवर बसला. ताठ बसला.

"मग हे मशीन इतके दिवस काहून बिघडलं होतं?"

"बिघडलं नव्हतं काका," अदिती म्हणाली. "काकूनं पुरं केलेलं काम ते दुसऱ्या कोणाले करू देत नव्हतं."