गाण्यातली एक चूक

तिसऱ्या ओळीतला माणूस आज उठून गेला नाही.

मोझेल टॅकेटने दुसरं कडवं उचललं आणि मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं. पिकलेली दाढी, मांडीवर टोपी, खांदे पडलेले. या उन्हाळ्यात केंटकीच्या डोंगरातल्या चार जत्रांत तो तिला दिसला होता, आणि चारही वेळा याच कडव्याला निघून गेला होता. आज त्याने खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती.

गाणं साधंच होतं. एक पोरगा तिन्हीसांजेला सायकलवरून दूध आणायला निघतो. पुलाच्या अलीकडे एक ट्रक त्याला उडवतो आणि न थांबता निघून जातो. त्या दिवसापासून आई ओसरीवरचा दिवा मालवत नाही. एवढंच. पण मोझेल ते गाऊ लागली की मंडपात कणसं खाणारे हात थांबत. कुठल्या शब्दावर आवाज जरासा चिरू द्यायचा, कुठे आपण गप्प राहून साथीदार हॉइटच्या स्टील गिटारला रडू द्यायचं, याचा तिला सुगरणीला मिठाचा असावा तसा अंदाज होता. एकोणीस वर्षांत हे गाणं एकदाही वाया गेलं नव्हतं.

आजही गेलं नाही. टाळ्या उशिरा आल्या. लोकांना आधी डोळे पुसायचे होते.

मग नेहमीसारखी पायऱ्यांशी रांग लागली. एका म्हातारीने पीचच्या मुरंब्याची बरणी मोझेलच्या हातात कोंबली.

"चर्चमध्ये दर रविवारी तुझ्या लेकराचं नाव घेते हो, पोरी."

मोझेलने तिचा हात दाबला. गाण्याबाहेर त्या पोराबद्दल ती एक शब्द बोलत नसे. वर्तमानपत्रवाल्यांनाही तिला बोलतं करणं जमलं नव्हतं.

रांग संपली. हॉइट वायरी गुंडाळू लागला.

"तुझा पळपुटा अजून इथंच आहे," तो हळूच म्हणाला. "यंदा मोठा मासा गळाला लागलाय."

"गप रे."

तो माणूस टोपी छातीशी धरून आला.

"बाई, मी डेन्झिल पॅक. जरा बसू का? पाय धरत नाहीत."

हॉइटने खुर्ची सरकवली, पेलाभर लिंबूसरबत दिलं. डेन्झिलने ते तोंडाला लावलं नाही.

"तुमच्या गाण्यात एक चूक आहे, बाई."

"कुठली?"

"पोरगा पुलाच्या अलीकडे नव्हता. पूल ओलांडून गेला होता. आणि ट्रक थांबला होता. मिनिटभर थांबला होता. मग गेला."

हॉइटच्या हातातली वायर तशीच राहिली.

डेन्झिल खाली बघत बोलत होता. सव्वीस वर्षं झाली होती. तो कोळशाचा ट्रक चालवायचा. हा मुलुख त्याचा नव्हता, तो आडवाटेने चालला होता. समोरून मावळतीचं ऊन डोळ्यांत आलं आणि धक्का बसला. तो खाली उतरला. लाल सदरा, आठ-नऊ वर्षांचं पोर. बाटली फुटून दूध रस्त्यावर पसरलं होतं.

"श्वास नव्हता. मी नाकाशी हात धरून पाहिलं. घरी बायकोला नववा महिना होता. मी पळालो. थेट ओहायोत जाऊन राहिलो. ते कुणाचं पोर होतं, ते कधी कळलं नाही. कळून घेतलं नाही. यंदा मे महिन्यात नातीला घेऊन जत्रेला आलो आणि तुम्ही गायला लागलात."

"चार वेळा ऐकलंत."

"अर्धंच. आज पुरतं ऐकलं." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "माफ करा म्हणायला मला तोंड नाही. पण तुम्ही त्याची आई. दुसऱ्या कुणापुढे बोलू?"

हॉइटने तोंड उघडलं. मोझेलने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटून घेतलं.

आवाज तिच्या ताब्यात होता. तो कधीच सुटला नव्हता. समोरचा माणूस सव्वीस वर्षांनी एका जागी बसला आहे, आणि एक शब्द चुकीचा पडला तर पुन्हा उठून जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"ती जागा सापडेल तुम्हाला?" तिने विचारलं.

"डोळे मिटून."

"मग शेरीफला सांगा. कचेरी मैदानापलीकडेच आहे. चालत जाऊ."

"तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"येईन."

तिने त्याच्या दंडाला धरून उठवलं. पाळण्यांजवळच्या गर्दीतून, तळणाच्या वासातून दोघं सावकाश चालत गेली. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणीतरी म्हणालं, "बघा, त्या माऊलीकडे बघा. कुणाही दुःखी माणसाला जवळ करते."

कचेरीत डेन्झिलने सगळं सांगितलं. रस्ता, पूल, वर्ष, महिना. शेरीफ रिची तरुण होता, याच वर्षी निवडून आला होता. तो मधे न बोलता लिहून घेत गेला. चार पानं झाली. डेन्झिलने प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या सहीनंतर तो मोझेलकडे वळला आणि कपाळ तिच्या हातावर टेकवलं. तिने ते टेकू दिलं. त्याला आत नेताना त्याचे पाय नीट पडत होते.

शेरीफने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"इतक्या वर्षांनी हे ऐकावं लागलं, बाई. फार वाईट वाटतं." त्याने कोरं पान पुढे ओढलं. "तुमच्या मुलाचं पूर्ण नाव सांगता?"

"नाव तुम्हालाच शोधावं लागेल," मोझेल म्हणाली. "मला मूल कधी झालंच नाही."