दह्याशेजारची डबी

नातीचं बारसं झालं त्या वर्षी, पोट बिघडलं की माझ्या सुनेला, शैलाला, काळ्या चहासारखी लघवी होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, "आतड्यातल्या जंतूंशी लढणारं शरीर तिच्याच किडनीवर उलटलंय. शौच तपासायला आणा."

फ्रिजात दह्याशेजारी तिनं ठेवलेली शौचाची डबी पाहून मला किळस आली. चिमट्यात धरून उकिरड्यावर फेकली.

"आत्याबाई, तपासायला न्यायची होती हो ती!"

"दुखणं किडनीचं अन् घाण माझ्या दह्यापाशी? पुन्हा दिसली तर माहेरी धाडीन."

त्यानंतर पोट बिघडलं तरी शैला कुणाला सांगेना. काळ्या लघवीवर गुपचूप पाणी ओतायची. किडन्या निकामी झाल्या.

अखेरीस तिचं शौचाचं भांडं मीच धुतलं. किळस आता माझ्या त्या बोलण्याची येते.

नात चार वर्षांची असताना, किंक्रांतीला, शैला वारली.